मुंबईतल्या जुन्या फ्लॅटचं नूतनीकरण: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी खर्चाची मांडणी

तीस-पस्तीस वर्षं जुनी सोसायटी, वन बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा) साधारण ४५० चौरस फूट, चार माणसांची लिफ्ट, आणि खालच्या मजल्यावरच्यांची बाथरूमच्या ओलीबद्दल अधूनमधून तक्रार. मुलुंड, बोरिवली, ठाणे, डोंबिवली, कुठेही गेलात तरी असं घर सापडेल. हा लेख अशाच घरासाठी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच घराचं पूर्ण काम काढणाऱ्या, हातात ठरावीक रक्कम असलेल्या आणि ती पुरेल की नाही या काळजीत असलेल्या माणसासाठी.

अशा घरांची बजेटं बिघडताना मी पुष्कळ पाहिली आहेत. कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणसं दिसणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करतात. आधी टाइल्सचं दुकान, मग मॉड्युलर किचनचं शोरूम, मग फॉल्स सीलिंगचे फोटो. पाइप, वायरिंग आणि वॉटरप्रूफिंगचा नंबर लागेपर्यंत निम्मे पैसे दिलेल्या शब्दात अडकलेले असतात, आणि मग तिथेच काटछाट होते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम पूर्ण उलटा करा. जे भिंतीत आणि लादीखाली गाडलं जाणार आहे, त्याचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या रकमेत बाकीचं घर बसवा. टाइल साधी घेतली म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण दोन वर्षांनी बाथरूम गळायला लागली तर तीच टाइल फोडावी लागते, आणि तोच खर्च दुसऱ्यांदा होतो.

पहिली पायरी: इमारत किती वर्षं उभी राहणार आहे?

मुंबईत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. सेक्रेटरींना भेटा आणि पुनर्विकासाचं काय चाललंय ते स्पष्ट विचारा. "चर्चा चालू आहे" या उत्तरावर थांबू नका. सल्लागार नेमला आहे का? व्यवहार्यता अहवाल आला आहे का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली जी प्रक्रिया दिली आहे, तिच्यातली विशेष सर्वसाधारण सभा झाली आहे का, ५१ टक्के सभासदांची संमती मिळाली आहे का? विकासकाशी करारनामा झाला आहे का? या प्रश्नांच्या उत्तरांवर तुमचं बजेट ठरतं.

करारनामा झाला असेल तर रंग, गळके नळ आणि धोकादायक वायरिंग एवढ्यावर थांबा. विकासक नवं घर देताना तुमचं कार्पेट मोजतो, तुमच्या ओट्यावरचा ग्रॅनाइट मोजत नाही. नुसती चर्चा असेल तर पाइप, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग नीट करून घ्या, कारण चर्चेतून प्रत्यक्ष घर रिकामं करण्यापर्यंत कित्येक वर्षं जाऊ शकतात आणि तोवर राहायचं तिथेच आहे. फर्निचर मात्र भिंतीत ठोकलेलं न करता सुटं करा. सुटं कपाट नव्या घरात नेता येतं.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल मागून वाचा. तुमच्या फ्लॅटच्या एखाद्या बीमला किंवा स्लॅबला दुरुस्ती सुचवली असेल, तर तुमचं काम सुरू होण्याआधी ती व्हायला हवी. नवं फॉल्स सीलिंग लावल्यावर ते उतरवून स्लॅबची दुरुस्ती करायला कुणालाच आवडणार नाही. पागडीच्या किंवा उपकरप्राप्त (म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत राहत असाल तर घरमालकाची परवानगी हा वेगळा मुद्दा येतो, तो आधी मिटवा.

दुसरी पायरी: परवानग्या

रंग, गिलावा, लादी बदलणं, संडास-बाथरूमची भांडी आणि नळ बदलणं, आतले पाइप आणि वायरिंग बदलणं, ही कामं महापालिकेच्या कायद्यात कलम ३४२ खाली किरकोळ दुरुस्तीत धरली जातात आणि त्यांना महापालिकेची वेगळी परवानगी लागत नाही. भिंत पाडणं, दरवाजा सरकवणं, बाल्कनी आत घेणं हा प्रकार वेगळा. त्यासाठी परवानाधारक आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची फी बजेटमध्ये धरा आणि तिथे घासाघीस करू नका. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. ठेकेदार टिचकी मारून "ही साधी पार्टिशनची भिंत आहे" म्हणतो, तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत तर आतली भिंतसुद्धा भार घेत असू शकते.

सोसायटीला लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि त्याच्यासोबत बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम. ती परत मिळते, पण काम संपेपर्यंत अडकून पडते, म्हणून ती रोख रकमेच्या हिशेबात दिसली पाहिजे. नियम हातात घ्या: कामाच्या वेळा काय, दुपारी ठोकाठोक बंद ठेवायची का, रविवारी काम चालतं का, लिफ्टमधून माल नेता येतो का. लिफ्ट मिळत नसेल तर सिमेंट, रेती, टाइल्स जिन्याने चढवण्याची मजुरी मजल्यागणिक वाढते. चौथ्या मजल्याचं आणि पहिल्या मजल्याचं कोटेशन सारखं येऊच शकत नाही, आणि तसं आलं तर ठेकेदार घर न बघताच आकडा देतोय हे समजून घ्या.

वॉचमनकडे कामगारांची नावं देणं, खालच्या आणि शेजारच्या घरांना आधी सांगून येणं, या गोष्टींना पैसे लागत नाहीत. पण खालच्या काकांशी संबंध चांगले असतील तर वॉटरप्रूफिंगची चाचणी करताना त्यांच्या छताकडे बघायला मिळतं. ते किती मोलाचं आहे हे पुढे येईलच.

तिसरी पायरी: टेप घ्या आणि मोजा

"चौरस फुटाला इतके" हा दर ऐकला की लगेच विचारा: कुठल्या चौरस फुटाला? कार्पेट, बिल्टअप (भिंती धरून) की सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटाही धरून)? एकाच घराचे हे तीन आकडे वेगवेगळे येतात आणि एकूण रक्कम काही लाखांनी हलते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्ण घराला एक दर लावणं हाच ढोबळ प्रकार आहे. बजेट कामागणिक आणि मापागणिक मांडायचं असतं. एक रविवार द्या, वही घ्या, आणि घरातली प्रत्येक खोली स्वतः मोजा. काही उदाहरणं देतो, त्यावरून तुमच्या घराचं करता येईल.

बाथरूम ४ बाय ७ फूट, टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत. चारही भिंतींची लांबी मिळून २२ फूट, गुणिले ७ म्हणजे १५४ चौरस फूट. अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की १३६. जमीन २८. एकूण १६४, त्यावर कापणी-तुटीचे १० टक्के धरले की साधारण १८०. इतक्या छोट्या खोलीला १८० चौरस फूट टाइल्स लागतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.

हॉल, बेडरूम, पॅसेज, किचन मिळून लादीची जागा ४०० चौरस फूट धरू. तूट ८ टक्के, म्हणजे ४३२. दोन बाय दोनच्या चार टाइल्सच्या बॉक्समध्ये १५.५ चौरस फूट माल येतो, तर २८ बॉक्स. त्यावर एक बॉक्स जास्त घ्या आणि माळ्यावर ठेवून द्या. पुढे एखादी लादी फुटली तर त्याच लॉटची, त्याच छटेची टाइल बाजारात पुन्हा मिळण्याची खात्री नसते. सगळे बॉक्स एकाच लॉटचे आहेत ना, हे टेम्पो खाली होतानाच बघा. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) यात आलेलं नाही, ते रनिंग फुटावर वेगळं मोजलं जातं.

रंगाचं माप तर सगळ्यांनाच चकवतं. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. भिंती ४४ गुणिले ९.५ म्हणजे ४१८, छत १२०, मिळून ५३८. दरवाजा-खिडकीचे सुमारे ४० वजा केले की ४९८. खोली १२० चौरस फुटांची आणि रंगाची जागा तिच्या चौपट. म्हणून ४५० कार्पेटच्या घराला १,८०० चौरस फुटांच्या आसपास रंगकाम निघतं. रंगाऱ्याने १,८०० सांगितले तर तो फसवत नाही. २,६०० सांगितले तर त्याच्यासोबत टेप धरा.

आता डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा. कोटेशनमध्ये हे एका ओळीत संपवलेलं असतं, म्हणून इथे थोडं थांबू. ४०० चौरस फूट जुनी लादी, तिच्याखालचा मसाला धरून जाडी अडीच इंच. घनफळ झालं ८३ घनफूट, वजन साडेचार टनांच्या वर. फुटल्यावर माल फुलतो, दीडपट धरला तर सव्वाशे घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास. गोणीत २५ किलो भरले तर दोनशेच्या जवळपास गोण्या, आणि यात बाथरूमच्या भिंतींची टाइल, जुना ओटा, माळ्याचा कडप्पा आलेलाच नाही. या गोण्या जिन्याने उतरवायच्या, खाली रचायच्या आणि गाडीने न्यायच्या. पैसे तिन्हींचे लागतात. रस्त्याकडेला किंवा खाडीकाठी टाकणारा स्वस्त गाडीवाला मिळतो. त्याला नाही म्हणा. दंडाचा धोका तर आहेच, पण आपल्या घराचा कचरा खारफुटीत पडू देणं मुळातच चुकीचं आहे. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, वॉर्ड ऑफिसमध्ये चौकशी करा. शहराचा राडारोडा आता प्रक्रिया केंद्रांमध्ये नेण्याची सोय झाली आहे.

जुन्या लादीवरच नवी बसवली तर हा सगळा खर्च वाचतो, असं कुणीतरी सांगेलच. कोरड्या खोल्यांत, जुनी लादी पोकळ वाजत नसेल आणि इंजिनिअरने वाढीव वजनाला हरकत घेतली नसेल, तर ते करता येतं. दरवाजे खालून तासावे लागतात. बाथरूम-संडासात मात्र कधीही नाही, कारण तिथला रोग जुन्या लादीच्या खालीच आहे.

चौथी पायरी: भिंतीच्या आतला खर्च

पाण्यापासून सुरू करू. जुन्या इमारतींत जीआयचे (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप असतात, आतून गंजून निम्मे बुजलेले. नळाची धार बारीक होते ती यामुळेच. आतली सगळी लाइन बदला, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप. अर्धी लाइन जुनी ठेवून नव्याला जोडणं म्हणजे पुढच्या गळतीची जागा स्वतः ठरवणं. लाइन भिंतीत खोदलेल्या झिरीत बसवून झाली की प्लास्टर करण्याआधी दाबाची चाचणी घ्या. पंप लावून पाइपात दाब भरतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. प्लंबरला हे माहीत असतं, फक्त मागितल्याशिवाय सहसा कुणी करत नाही.

डक्टमधले (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतले) उभे पाइप सोसायटीचे. ते जुने बीडाचे असतील आणि तुमची बाथरूम उघडलेली असेल, तर त्याच वेळी तुमच्या मजल्याचा तुकडा बदलून द्या, असा अर्ज सोसायटीला करा. नवी बाथरूम बांधून झाल्यावर बाहेरच्या पाइपामुळे भिंत ओली राहिली तर दोष कुणाचा यावर भांडण होतं आणि ओल तशीच राहते.

वॉटरप्रूफिंग हा या सगळ्या कामातला असा भाग आहे जिथे मी कुणालाही एक रुपयासुद्धा वाचवू देणार नाही. बाथरूम आणि संडास पूर्ण खणून स्लॅबपर्यंत जायचं. स्लॅब साफ करून भेगा भरायच्या, पाइप जिथून जातात ते तोंड सील करायचं, केमिकलचे थर द्यायचे आणि ते भिंतीवरही वर चढवायचे. मग विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), त्याला नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या तोंडाच्या, दिशेने उतार. थर वाळल्यावर ट्रॅपला बूच मारून पाणी भरायचं आणि ४८ तास तसंच ठेवायचं. या काळात खालच्या घरात जाऊन छत बघायचं. कोबा झाल्यावर पुन्हा एकदा पाणी भरायचं. या दोन चाचण्यांमुळे काम चार-पाच दिवस लांबतं आणि ठेकेदार कुरकुर करतो. कोटेशनमध्ये आधीच लिहून घेतलं असेल तर कुरकुर ऐकावी लागत नाही. टाइल लावायची ती यानंतर.

बाथरूमची जागा सरकवून खालच्यांच्या बेडरूमवर किंवा किचनवर नेण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या.

वीज. तीस वर्षांपूर्वी या घरात दोन पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज आणि टीव्ही होता. आज दोन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. वायर तीच. म्हणून वायरिंग पूर्ण नवं: दिव्यांना १.५, मोठ्या सॉकेटना २.५, एसी आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकाला वेगळी लाइन. बोर्डात एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) हवाच, ओल्या हाताने शॉक बसला तर तोच जीव वाचवतो. अर्थिंग इमारतीत नावापुरतं आहे की खरंच आहे, हे मोजून घ्या. मंजूर भार वाढवावा लागेल का, तेही तुमच्या वीज कंपनीकडे विचारा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंड-ठाण्याला महावितरण.

इलेक्ट्रिशियन 'पॉइंट'वर दर देतो. दिव्याचा पॉइंट आणि एसीचा पॉइंट यांचा दर वेगळा असतो, म्हणून खोलीगणिक यादी करा आणि ती करताना घरात राहणाऱ्या सगळ्यांना बसवा. मिक्सर कुठे लावायचा, आईच्या पलंगाजवळ रात्रीचा दिवा कुठे, वायफायचा डबा कुठे. भिंत बंद झाल्यावर वाढवलेला पॉइंट सगळ्यात महाग पडतो. स्विच-वायर स्वतः घ्यायच्या असतील तर विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, एक फेरी मारा. गॅसचा पाइप हलवायचा असेल तर कंपनीकडे अर्ज करा, प्लंबरला हात लावू देऊ नका.

पाचवी पायरी: दिसणारा खर्च

इथे आवड तुमची, म्हणून थोडक्यात. टाइल्स बहुतेक सगळ्या गुजरातमधल्या मोरबीहून येतात. नाव आणि शोरूम बदलला की दर बदलतो, त्यामुळे दोन-चार दुकानं फिरा. ओट्याच्या ग्रॅनाइटचा दर चौरस फुटावर, पण कडेच्या मोल्डिंगचा आणि सिंकच्या कापणीचा वेगळा. तो विचारून घ्या.

सुतारकामात फसगत प्लायमध्ये होते, कारण वरून लॅमिनेट लागलं की आत काय आहे ते दिसत नाही. सिंकखाली आणि किचनच्या खालच्या कपाटांना आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे मरिन प्लाय. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ मधला चालतो. ८ बाय ४ ची पूर्ण शीट घरात आली की कापण्याआधी शिक्क्याचा फोटो काढा. कपाटाचा दर समोरच्या चौरस फुटावर लावतात: ६ बाय ७ चं कपाट म्हणजे ४२ चौरस फूट, वरचा माळा वेगळा मोजतात. आतले ड्रॉवर, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल त्या दरात आहेत की नाहीत हे लिहून घ्या. फॉल्स सीलिंग मला स्वतःला साडेनऊ फुटी खोल्यांत नको वाटतं. उंची जाते आणि वरच्या घरातून गळती आली तर उशिरा कळते.

सहावी पायरी: रक्कम वाटून टाका

समजा हातात १० लाख आहेत. सगळ्यात आधी दीड लाख राखीव म्हणून वेगळ्या खात्यात टाका आणि ठेकेदाराला या रकमेबद्दल सांगू नका. जुन्या इमारतीत लादी उचलल्यावर स्लॅबची उघडी सळई दिसते, भिंत खरवडल्यावर अर्धा गिलावा हातात येतो. राखीव पैसे त्यासाठीच, झुंबरासाठी नाहीत.

उरले साडेआठ. माझी मांडणी अशी असेल: बाथरूम-संडास, त्यांचं प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग यांना १ लाख ८० हजार. वीज ९० हजार. तोडफोड आणि डेब्रिज ६० हजार. इथपर्यंत ३ लाख ३० हजार गेले, आणि आलेल्या पाहुण्याला यातलं जवळपास काहीच दिसणार नाही. मग खोल्यांची लादी १ लाख ३० हजार, किचन १ लाख ३० हजार, खिडक्या ६० हजार, रंग ८० हजार, आणि सुतारकामाला उरलेले १ लाख २० हजार. या आकड्यांमध्ये जीएसटी धरूनच बसवायचं. ठेकेदाराच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असेल तर ८ लाखांवर १८ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार वाढतात, म्हणजे तुमची राखीव रक्कम पहिल्याच दिवशी संपली.

तुमच्या भागातले दर वेगळे येतील, तुमच्या गरजाही. पैसे कमी पडत असतील तर सुतारकाम पुढे ढकला. कपाटं पुढच्या वर्षी करता येतात, लादीखालचा पाइप पुढच्या वर्षी करता येत नाही. आणि सगळं घर एकदम झेपत नसेल तर बाथरूम, संडास आणि वायरिंग हा पहिला टप्पा करा.

सातवी पायरी: कोटेशन आणि पैसे देणं

तीन ठेकेदारांना घर दाखवा आणि तिघांना तुम्ही केलेली तीच मापांची यादी द्या. मगच तीन कोटेशनं एकमेकांशेजारी ठेवता येतात. प्रत्येक ओळीत माप, दर, ब्रँड आणि 'मटेरियलसह की फक्त लेबर' हे हवं. सर्वांत स्वस्त कोटेशनात काय गाळलंय ते शोधा. बहुतेक वेळा डेब्रिज, माल चढवणं, किंवा वॉटरप्रूफिंगचा एखादा थर नसतो.

पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांना माझा सल्ला असा: सिमेंट, रेती, पाइप, केमिकल ठेकेदाराकडून, ब्रँड लिहून घेऊन. टाइल्स, नळ, भांडी, स्विच तुम्ही स्वतः घ्या. फक्त लेबर रेटवर सगळं करणं स्वस्त दिसतं, पण मग रोज सकाळी नऊला कडियाला (गवंड्याला) "दोन गोणी सिमेंट कमी पडलं" म्हणताना ऐकायला तिथे कुणीतरी हजर लागतं.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा. सुरुवातीला १० टक्के. तोडफोड होऊन पाइप-वायरिंगची चाचणी झाली की २०. बाथरूमच्या पाण्याच्या चाचण्या पास झाल्या की २०. लादी बसली की २०. ओटा आणि सुतारकामाला १५, रंगाला १०. शेवटचे ५ टक्के घर ताब्यात घेऊन महिनाभर वापरल्यावर. उचल मागितली जाईल, सणाच्या तोंडावर हमखास. कारागिराला खरंच गरज असेल तर द्या, पण ती पुढच्या टप्प्यातून वजा असल्याचं त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. जास्तीचं काम निघालं तर आधी दर लिखित, मग काम. बिगारी आणि कडियाची रोजची मजुरी ठेकेदार वेळेवर देतोय ना, याकडेही लक्ष असू द्या. त्यांची मजुरी थकली तर ती माणसं दुसऱ्या साइटवर जातात, आणि ते त्यांचं चुकत नाही.

आठवी पायरी: वेळ, भाडं आणि पावसाळा

सोसायटीच्या वेळा सांभाळून अशा घराला दोन ते तीन महिने लागतात. तीन महिने धरून चाला. घरात राहून पूर्ण काम करता येत नाही, धूळ आणि पाण्याविना दिवस लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना झेपत नाहीत. मुंबईत भाड्याची घरं अकरा महिन्यांच्या करारावर मिळतात, तीन महिन्यांसाठी शोधताना वेळ जातो. नातेवाइकांकडे सोय नसेल तर २५ हजार भाड्याने ७५ हजार, वर दलाली, डिपॉझिट आणि दोन वेळा टेम्पो. हा खर्च त्या १० लाखांच्या बाहेरचा आहे. तो आधीच वेगळा काढा.

जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंती ओल्या असतात, पुट्टी वाळत नाही, रंग फुगतो. दिवाळीनंतर तोडफोड सुरू करून होळीच्या आत रंग उरकणं उत्तम. होळीला कोकणातले कारागीर शिमग्याला जातात, उत्तरेकडचे गावी जातात, आणि परतायची तारीख कुणी सांगू शकत नाही. पावसाळ्यात भिंतीवर कुठे ओल येते याचे फोटो मात्र काम काढायच्या आधीच्या पावसात काढून ठेवा. बाहेरून येणारी ओल आतून रंगवून थांबत नाही. ती दुरुस्ती सोसायटीकडे मागायची असते.

शेवटचं: कर्ज आणि कागद

पैसे कमी असतील तर वैयक्तिक कर्जाआधी चालू गृहकर्जावर टॉप-अप मिळतंय का ते बघा, व्याज सहसा कमी पडतं. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती गृहकर्जाच्या व्याजाच्या एकूण मर्यादेतच धरली जाते.

बिनबिलाचा सौदा करू नका. पुढे कधी घर विकलंत तर सुधारणेचा भांडवली खर्च घराच्या खरेदीकिमतीत मिळवता येतो आणि भांडवली नफा तेवढा कमी होतो. त्याला बिलं आणि बँकेतून दिलेल्या रकमा लागतात. त्याच फाइलमध्ये वॉटरप्रूफिंगची हमी, गिझर-नळांची वॉरंटी कार्डं, सोसायटीची परवानगी आणि अनामत भरल्याची पावती ठेवा. आणि भिंती बंद करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, म्हणजे पाइप आणि वायर जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते दिसेल. पुढे शेल्फसाठी ड्रिल मारायला येणाऱ्या माणसाला आधी तो फोटो दाखवायचा.